होजचं तोंड

लाकडाच्या आणि फायबरग्लासच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून धनुष्य करायचं म्हटलं की सगळा खेळ दाबाचा. सी-क्लॅम्प लावूनही जमतं, पण क्लॅम्पच्या खाली दाब जास्त आणि दोन क्लॅम्पच्या मधे कमी. तिथे इपॉक्सीचा थर जाड राहतो, आणि पुढे पट्ट्या सुटायला लागतात त्या तिथूनच. म्हणून इकडचे हौशी लोक हवेची प्रेस करतात. प्लायवूडचा दोन भागांचा साचा असतो. खालच्या भागावर पट्ट्या रचायच्या, त्यांवर अग्निशमन दलाचा चपटा होज अंथरायचा, वरून साच्याचा दुसरा भाग ठेवून बोल्टने आवळायचा आणि होजमध्ये हवा भरायची. हवा मात्र कुठेही पक्षपात करत नाही.

मी मिशिगनमध्ये राहतो. धनुष्याचं वेड इथे जुनं आहे. राज्याच्या उत्तरेला, ग्रेलिंगला, फ्रेड बेअरचा धनुष्यांचा कारखाना होता. १९७८ मध्ये तो फ्लोरिडाला हलला, तरी त्याची जुनी धनुष्यं लोकांच्या तळघरांतून अजून निघतात. १ ऑक्टोबरला हरणांच्या धनुष्य-शिकारीचा हंगाम उघडतो, तेव्हा ऑफिसात रजेचे अर्ज वाढतात. मी शिकार करत नाही. माझा बाण पेंढ्याच्या गाठीवर डकवलेल्या कागदापर्यंतच जातो, आणि तोही बरेचदा कागद चुकवतो.

साचा झाला, होजही मिळाला. बाद केलेला, दीड इंची, बाहेरून विणलेलं कापड आणि आतून रबराचं अस्तर. प्रश्न होता त्याच्या तोंडांचा. कापलेल्या होजला दोन उघडी तोंडं असतात. ती बंद करायची आणि कुठूनतरी हवा आत सोडायची. यासाठी तयार संच विकत मिळतो आणि तो फार महागही नाही. पण त्याच वेळी बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात उभी हयात लेथवर काढलेला माणूस, आणि गराजमध्ये लेथ नाही म्हणून आधीच नाराज. त्यांच्यासमोर तयार फिटिंग मागवायची माझी छाती नव्हती.

मी फोनवर सांगितलं होतं म्हणून येताना त्यांनी पाव इंची पितळी निपल आणले होते. स्वतः आटे पाडलेले, चकचकीत, धोतरात गुंडाळलेले. इथल्या कॉम्प्रेसरच्या कपलरवर लावले तर दोन आटे सरळ गेले आणि अडकले. आपल्याकडे पाव इंचाला एका इंचात १९ आटे, इथे १८. शिवाय आट्याचा कोन तिकडे ५५ अंश, इकडे ६०. हाताला फरक कळत नाही, पान्याला कळतो. बाबांनी निपल प्रकाशात धरून बराच वेळ पाहिला. "ह्या लोकांनी एक आटा खाल्ला कुठं?" एवढंच म्हणाले आणि तो खिशात टाकला.

मग आटे जुळवण्याचा नाद सोडून आम्ही टायरच्या व्हॉल्व्हकडे वळलो. ट्रकच्या चाकाला बसतो तो धातूचा, नटाने आवळायचा व्हॉल्व्ह. याचा फायदा असा की पायपंपापासून पेट्रोल पंपावरच्या हवेपर्यंत काहीही त्याला चालतं, आणि देश बदलला तरी त्याचे आटे बदलत नाहीत. होजला भोक ड्रिलने पाडलं तर कापडाचे धागे सुटतात, म्हणून सळई लाल करून टोचली. भोकाच्या कडा वितळून आपोआप बंद झाल्या. व्हॉल्व्ह आतून बाहेर काढायचा, पण हात तिथवर पोचत नाही. त्यासाठी भोकातून दोरी आत सोडली, होजच्या तोंडातून बाहेर काढली, तिला व्हॉल्व्ह बांधला आणि ओढून घेतला.

तोंडं बंद करायला लोखंडी पट्ट्या घेतल्या. होज दोन पट्ट्यांच्या मधे धरायचा आणि होजच्या दोन्ही बाजूंना बोल्ट लावून आवळायचं. दिसायला इतकं सोपं की मी थेट पाना उचलला. बाबांनी हात धरला.

"बोल्ट कडंला हाईत. आवळशील तशी पट्टी कडंला वाकंल आन् मधी फाक राहील. पट्टीला पोट दे."

त्यांनी पट्टी दोन ठोकळ्यांवर आडवी ठेवली आणि मधोमध हातोड्याचे हलके ठोके दिले. नुसत्या डोळ्याला दिसू नये एवढंच पोट. मग दोन्ही पट्ट्यांची पोटं समोरासमोर आणून मधे होज घातला. आता बोल्ट आवळले की आधी मधला भाग टेकतो, आणि पट्ट्या सरळ होत होत कडेपर्यंत दाब पसरत जातो. पट्ट्यांच्या कडा त्यांनी कानशीने गोल केल्या, होजला काप जाऊ नये म्हणून. ही युक्ती मला कुठल्याही नकाशात दिसली नव्हती.

तपासणी पाण्याने केली. "हवा नगं आधी," हा बाबांचा हुकूम, आणि तो बरोबर होता. पाणी दाबल्याने आकसत नाही, त्यामुळे काही सुटलंच तर दाब चटकन उतरतो आणि फार तर कपडे भिजतात. तेवढ्याच दाबाची हवा मात्र प्रसरण पावत पट्टीसकट बोल्ट फेकते. तोंडांनी पाणी धरलं. पुढे हवा भरून साबणाचा फेस लावला, तर बुडबुडे आले होजच्या भलत्याच भागावर, व्हॉल्व्हपासून चांगले हातभर लांब. होजला तिथे ओरखडासुद्धा नव्हता. हवा निसटत होती व्हॉल्व्हच्याच भोकातून, पण अस्तर आणि कापड यांच्यामधून वाट काढत जाऊन जिथे विणीला सैल जागा मिळेल तिथे बाहेर पडत होती. म्हणजे बाहेरून नट कितीही आवळला तरी उपयोग नाही. हवा अडवायची ती आतल्या अस्तरावर. ट्रकच्या जुन्या ट्यूबचा रुंद वायसर कापून व्हॉल्व्हच्या बुडाखाली घातला आणि बुडबुडे थांबले.

हा उपद्व्याप कशासाठी, ते आकड्यांतून कळतं. धनुष्य ६६ इंच लांब, पट्ट्यांची रुंदी दीड इंच, म्हणजे ९९ चौरस इंच. दर चौरस इंचाला ६० पौंड धरले तर एकूण जोर ५,९४० पौंड, जवळजवळ पावणेतीन टन. हा जोर साचा पेलतो. होज तर शेकडो पौंडांच्या दाबासाठीच केलेला असतो. कच्ची जागा एकच, आपण स्वतः केलेली तोंडं.

पण होजमध्ये थेट ६० भरायचे नसतात. इपॉक्सी पक्की व्हावी म्हणून सगळा साचा दिव्यांनी तापवलेल्या पेटीत जातो, साधारण ७० अंश सेल्सियसला काही तास. बंद होजमधली हवा तापली की दाब चढतो. घरातल्या तापमानाला ५० वर भरला तर पेटीत काटा ६१ च्या आसपास जातो. ६० वर भरला तर ७२ ओलांडतो. आम्ही ५० वर थांबलो. बाबा तरीही पेटीच्या समोर उभे राहू देत नव्हते; होजच्या तोंडाच्या रेषेत कुणी यायचं नाही, नातवंडांनी तर गराजमध्येच नाही.

दुसऱ्या दिवशी साचा उघडला. इपॉक्सीची रेघ मुठीपासून टोकापर्यंत सारखी बारीक होती. इपॉक्सी बाहेर चिकटू नये म्हणून गुंडाळलेलं प्लॅस्टिकचं वेष्टण एका जागी फाटलं होतं, तिथे इपॉक्सी झिरपून होज साच्याला घट्ट चिकटला आणि सोडवताना कापड उसवलं. असा होज पुन्हा वापरायचा नाही. त्याच्यातून व्हॉल्व्ह काढला, लोखंडी पट्ट्या सोडवल्या आणि सगळं पुढच्या होजला लावलं.