वाटाण्याचा एक दाणा

मुलांनो, ‘मला जमेल का?’ हा प्रश्न तुम्हाला नवा नाही. गोष्ट लिहायची असते, चित्र काढायचं असतं, वर्गाचं हस्तलिखित काढायचं असतं. पण वही उघडली, की मन चुळबुळ करू लागतं. अक्षर चांगलं नाही, लोक हसतील, अर्ध्यावरच राहिलं तर? झालं! वही पुन्हा दप्तरात. मोठ्या माणसांचंही असंच होतं बरं का! माझंच सांगते.

माझी आजी ८४ वर्षांची. तिला जात्यावरच्या ओव्या येतात. पिठाच्या गिरण्या गावोगाव येण्यापूर्वी बायका पहाटे उठून जात्यावर दळत आणि दळता दळता ओव्या गात. माहेर, भाऊराया, पंढरीची वाट, लेकराचं कौतुक, सारं त्यात यायचं. जे कुणापाशी बोलता येत नसे, तेही जात्यापाशी बोललं जाई. या ओव्या आईकडून लेकीकडे तोंडीच गेल्या.

आजीच्या ओव्यांची एक वही करावी, असं मला फार वाटे. पण हात धजत नव्हता. साने गुरुजींनी अशा ओव्या गोळा करून ‘स्त्री जीवन’ हे पुस्तक केलं. एवढ्या मोठ्या माणसाचं काम ते! मी आपली दुसरीच्या वर्गाला पाढे शिकवणारी बाई. इकडे आजीला मात्र विसर पडू लागला होता. सकाळी घेतलेलं नाव तिला दुपारी आठवेना.

त्याच दिवसांत वर्गात सांगायला म्हणून मी दादासाहेब फाळके यांच्याविषयी वाचत होते. १९११ मध्ये मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा एक मूकपट पाहिला. आपल्याकडच्या कथांवरही असे चित्रपट काढायचे, या विचाराने त्यांना झपाटलं. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. १९१२ मध्ये ते लंडनला गेले, काम शिकले, कॅमेरा घेऊन परतले. पण चित्रपटाला भांडवल हवं. आणि हे कधी न पाहिलेलं काम, त्यावर पैसे कोण लावणार?

मग त्यांनी काय केलं? कुंडीत वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा ठेवला. रोज थोडं थोडं चित्रण करत गेले. ते पडद्यावर दाखवलं, तेव्हा दाण्यातून कोंब फुटून वेल भराभर वर चढताना दिसला! ‘अंकुराची वाढ’ हा तो छोटासा चित्रपट. तो पाहून पैसे देणाऱ्याला भरवसा वाटला. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी आपले दागिने दिले. आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला.

मला त्या वाटाण्याने पकडलं. फाळक्यांनी आधी एक दाणा रुजवला, मोठं काम नंतर. मग मलाही सगळी वही एकदम कशाला डोळ्यांपुढे आणायला हवी? रोज एक ओवी, बस्स!

मी १०० पानी वही आणली आणि दुसऱ्या दिवशी वर्गातच सांगून टाकलं. आता माघार कशी घेणार? रोज सकाळी हजेरीच्या आधी प्रश्न यायचा, “बाई, कालची लिहिली का?”

पहिल्या संध्याकाळी वही-पेन घेऊन आजीजवळ बसले. आजीला एकही ओवी आठवेना. ती कावरीबावरी झाली. मग म्हणाली, “अगं पोरी, खुंटा हातात नाही, तर ओवी कुठनं येणार?”

परसात जातं पडलं होतं. ते धुऊन, वाळवून घरात आणलं. मूठभर ज्वारी त्याच्या तोंडात घातली. आजीने खुंट्याला हात लावला, माझा हात तिच्या हातावर. जातं घरघरू लागलं आणि दोन-तीन फेऱ्यांतच आजीच्या ओठांवर ओवी आली! मी लिहायचं विसरून ऐकतच राहिले. ती तीनदा म्हणायला लावली, तेव्हा कागदावर उतरली.

काही दिवस एकही ओवी येत नाही. मग मी आजीच्या आईची एखादी आठवण लिहिते. पान कोरं सोडत नाही. आजवर ६१ ओव्या झाल्या. शेवटच्या दोन माझ्या दुसरीच्या मुलांनी आपापल्या आज्यांकडून आणल्या.

भीती गेली का, म्हणाल तर पहिल्या पानावर ती होतीच. ती जाईल आणि मग मी लिहीन, असं म्हटलं असतं, तर वही कोरीच राहिली असती. लिहायला लागल्यावर कधी गेली, ते कळलंसुद्धा नाही.

तुमच्या मनात काय आहे? बाहुल्यांचं नाटक? गावातल्या पक्ष्यांची वही? आजच एक पान करा आणि कुणाला तरी सांगून टाका. म्हणजे उद्या तो विचारील, “पुढचं झालं का?”