धरमतर ते गेटवे, आणि त्यानंतरचे पोट

वडखळ सोडून अलिबागकडे निघाले की धरमतरचा पूल लागतो. एसटीतून तो आम्ही शेकडो वेळा ओलांडला असेल. पण त्याखालच्या काळ्या पाण्यात रात्री दोन वाजता माणसे पोहायला उतरतात, हे भाच्याने हट्ट धरला तेव्हाच कळले. धरमतरपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंत सुमारे ३६ किलोमीटर. लांब पल्ल्याच्या पोहणाऱ्यांत हा मार्ग नावाजलेला आहे.

ओहोटी लागली की अंबा नदीचे पाणी खाडीतून समुद्राकडे धावते. त्या ओढीवरच पोहणाऱ्याने निघायचे. आम्ही मागे मचव्यात. दोन्ही काठ अंधारात, मधूनच एखाद्या गावाचा दिवा. पुढे डावीकडे रेवस, उजवीकडे करंजा आणि समोर एकदम उघडे पाणी. फजर आम्ही मचव्यातच बसून अदा केली. उजाडले तेव्हा भाच्याचे डोके लाटांत नारळासारखे दिसत होते.

होडीला हात लावला की पोहणे बाद, म्हणून दर अर्ध्या तासाने दोरीला बांधलेली बाटली त्याच्याकडे सोडायची. ताकद टिकावी म्हणून ग्लुकोज आम्ही चांगले घट्ट कालवले होते. प्रेमापोटीच, पण चूक होती.

साडेनऊ तासांनी तो गेटवेला लागला. अल्हम्दुलिल्लाह! फोटो झाले, हार झाले. मांडव्याच्या लाँचमध्ये मात्र तो कोपऱ्यात वाकून बसला. ‘‘मामू, पोट फुटेल असं वाटतंय.’’ हात लावून पाहिला तर पोट ढोलकीसारखे ताठ. घरी आपाने बिर्याणी दमावर ठेवली होती. वासानेच त्याला उलटी झाली. आपा रडू लागली, ‘‘पुन्हा समुद्राचं नाव काढायचं नाही!’’

रात्री डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पोट तपासले आणि आधी विचारले, ‘‘पाण्यात तोंड असताना श्वास सोडतोस की रोखून धरतोस?’’ तो रोखत होता. मग बाहेर तोंड काढल्यावर घाईघाईने सोडायचा, ओढायचा आणि त्या धांदलीत दर वेळी घोटभर हवा गिळायचा. हजारो वेळा. पालथ्या अंगाने पोहताना ती हवा ढेकर होऊन सहज निघतही नाही. त्यात पोटात गेलेले खारे पाणी. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ असते, रक्ताच्या खारेपणापेक्षा कितीतरी जास्त. ते आतड्यात शरीराचेच पाणी ओढून घेते, म्हणून मळमळ आणि जुलाब. घट्ट ग्लुकोजही तेच करते. आणि इतके तास रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळलेले, पचनाकडे कोण बघणार?

पोटाचे तीन हिस्से करण्याची हदीस आपण सर्वांनी घरी ऐकलेली असते. भाच्याने श्वासाचा हिस्सा जरा जास्तच भरला, असे आम्ही म्हणालो तेव्हा आपा त्या रात्री पहिल्यांदा हसली.

डॉक्टरांनी एक गोष्ट मात्र बजावली. बंदराजवळचे पाणी स्वच्छ नसते. ताप आला, शौचात रक्त दिसले, उलटी थांबेना, लघवी बंद झाली किंवा मुलगा गुंगल्यासारखा वाटला, तर गॅस समजून ओवा चावत बसू नका, थेट दवाखाना गाठा. आमच्याकडे तसे काही नव्हते. थोडे थोडे ओआरएस, तांदळाची पातळ पेज, हळूहळू चालणे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोट उतरले.

आता तो रेवदंड्याच्या किनाऱ्यावर फक्त श्वासाचा सराव करतो. तोंड पाण्यात असतानाच बुडबुडे सोडत सावकाश श्वास टाकायचा, म्हणजे वर आल्यावर फक्त घ्यायचा. ग्लुकोज आम्ही पातळ केले आहे, आणि प्रत्येक बाटलीनंतर तो क्षणभर उभा तरंगून ढेकर देतो. पोहण्याच्या आदल्या रात्री वाल आणि चणे बंद.

आपा अजून हो म्हणालेली नाही. पण गेल्या जुम्याला तिने विचारले, ‘‘पुढची ओहोटी रात्री किती वाजता आहे रे?’’