दोन मैल

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, तिथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याआधी लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने टाकलेल्या स्त्रियांना सिस्टर मायेने सांभाळताना त्यांनी पाहिलं. असं का, हे विचारल्यावर एका सिस्टरने त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. पुढे रमाबाईंनी केडगावला दुष्काळातल्या शेकडो मुली-बायकांना आसरा दिला.

नंदुरबारला वर्गात मी हे दरवर्षी रंगवून सांगत असे. एका वर्षी एक भिल्ल मुलगी दिवाळीनंतर आलीच नाही. हजेरीत मी रोज 'गैरहजर' लिहीत राहिलो. आईबापांबरोबर ती गुजरातेत ऊसतोडीला गेल्याचं मार्चमध्ये कळलं.

तिचा पाडा शाळेपासून दोनच मैलांवर होता.

मित्रहो, रमाबाई समुद्र ओलांडून करुणा शिकून आल्या. मला दोन मैल चालवले नाहीत.