दिघी ते श्रीवर्धन : परतणाऱ्यांचा किनारा

आगरदांड्याहून फेरीबोटीने राजपुरीची खाडी ओलांडली की दिघी येते. बोटीवरून जंजिऱ्याचा तट दिसतो. मुरूड, म्हसळा आणि श्रीवर्धन हे तिन्ही तालुके एकेकाळी याच जंजिरा संस्थानात होते. दिघीहून रस्ता बोर्ली पंचतनला जातो आणि तिथून दिवेआगर, श्रीवर्धनकडे. वाटेत सुपारीच्या वाड्या, कौलारू घरे, मशिदी आणि मधूनच मोठे, पण खिडक्या बंद असलेले बंगले. घर इथे, कमावणारा आखातात.

पूर्वी इथला तरुण मुंबईच्या गोदीतून बोटीवर खलाशी म्हणून जाई. तेलाचा पैसा वाढला तसा तो कुवेत, सौदी, दुबईकडे वळला. म्हणूनच तिकडे अशांततेची बातमी आली की इथल्या घरांत मगरिबनंतर फोन हातातून सुटत नाही.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. तेव्हा तिथे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते. बँका बंद पडल्या, साठवलेला दिनार मातीमोल झाला. त्या दिवसांत काही भारतीयांनीच पुढे होऊन स्वयंसेवकाचे काम केले. शाळेत निराधारांची सोय केली, धान्य वाटले, बसगाड्या ठरवल्या. बसरा, बगदाद करत माणसे जॉर्डनच्या वाळवंटात पोहोचली. अम्मानहून मुंबईपर्यंत एअर इंडियाने ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या करून एक लाखाहून अधिक लोक आणले.

२०१५ मध्ये येमेनमधून ४,६०० हून अधिक भारतीयांना नौदलाच्या आणि इतर जहाजांनी, विमानांनी बाहेर काढले. दर वेळी प्रश्न तोच : निघायचे की थांबायचे? बाहेरून उत्तर सोपे वाटते. पण थकलेला पगार, मालकाकडे अडकलेला पासपोर्ट आणि गावच्या घराचे कर्ज माणसाला थांबवते.

परत येऊन करायचे काय, हाही प्रश्न आहेच. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने याच किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळी आडव्या केल्या. नवी पोफळ फळायला पाच-सात वर्षे जातात. म्हणजे दोन्ही किनारे डळमळीत.

तरी घराच्या हातात काही गोष्टी आहेत. कुवेत सोडावे लागलेल्यांना पुढे संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडून भरपाई मिळाली : एकट्या माणसाला २,५०० डॉलर, कुटुंबाला ५,०००, दुसरा दावा करणार नाही असे लिहून दिल्यास ४,००० आणि ८,०००. त्यासाठी तिथे राहून निघाल्याचा पुरावा लागला. म्हणून पासपोर्ट, व्हिसा, नोकरीचा करार आणि पगाराच्या पावत्यांच्या नकला गावच्या कपाटात असाव्यात. तिथल्या भारतीय दूतावासात नाव नोंदवलेले असावे. दर महिन्याच्या रकमेतून थोडे बाजूला काढावे; बंगल्याचा वरचा मजला दोन वर्षे उशिरा झाला तरी चालेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचे, फोनवरचे बोलणे. "इथली काळजी करू नकोस, जीव सांभाळून ये" एवढे घरातून ऐकू आले, तर निर्णय निम्मा सोपा होतो. जो रिकाम्या हाताने उतरेल, त्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांनी "काय आणलंस?" असे विचारू नये. तो आला, अल्हम्दुलिल्लाह, एवढे पुरे. हिशेब नंतर बसून करता येतो.