जतन झाले

सन २००७. तेर येथील एका वृद्ध बाईंकडून उतरून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या महाजालावर ठेवाव्यात, असे आम्हां तिघांच्या मनाने घेतले. स्वतंत्र सर्व्हर परवडणारा नव्हता; सामायिक सर्व्हरवर थोडी जागा भाड्याने घेतली. अनेक बिऱ्हाडांचा वाडाच तो. उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, एका नेटकॅफेतून पीएचपीच्या फायली एफटीपीने चढवल्या. फोल्डरला ७७७ न देता ७५५ परवानगी दिली: वाचावे सर्वांनी, लिहावे फक्त आम्ही. ओव्या भरताच पडद्यावर उमटे, ‘जतन झाले’. हे वाक्य आमच्याच स्क्रिप्टमध्ये आम्हीच लिहिलेले; तरी त्यावर विसंबून टिपणांचे कागद रद्दीत गेले.

महिन्याने पान उघडले, तर ओळीओळींत नुसती प्रश्नचिन्हे. जोडणी यूटीएफ-८ होती, पण मायएसक्यूएलच्या तक्त्याची वर्णसंहिता मुळातली, लॅटिन-१. तिला देवनागरी ठाऊक नव्हती. प्रत्येक अक्षर-मात्रेऐवजी तिने निमूटपणे एक प्रश्नचिन्ह नोंदवले. शब्दांमधल्या मोकळ्या जागा तेवढ्या शाबूत होत्या. ओवीचा सांगाडा दिसे, ओवी नाही. तक्ता बदलणारी आज्ञा एका ओळीची होती. ती दिली, गेलेले परतले नाही. बाईही तोवर निवर्तल्या होत्या.

२०१८ च्या ८.० आवृत्तीपासून मायएसक्यूएल देवनागरी मुळातच सांभाळते. तरीही नकललेला पाठ मूळ प्रत हातात असेतो पुन्हा वाचावा, हा पाठचिकित्सेचा जुना नियम सुटत नाही. साहित्याचे विद्यार्थी असून तो आम्हीच विसरलो.