नानखटाईचा डबा

परवा घरच्या ओव्हनमध्ये नानखटाई केली. पसरून पार पापड झाले! तूप पातळ होतं आणि फेटायचा मी कंटाळा केला, दुसरं काय. आईने एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "चाचा चोर होता मेला, पण त्याच्या भट्टीची सर नाही."

मी गप्पच बसले.

चाचा म्हणजे लालबागला आमच्या गल्लीतल्या बेकरीचे मालक. दिवाळीआधी मैदा, पिठीसाखर, तूप, वेलची सगळं घरून न्यायचं, ते फक्त मजुरी घ्यायचे. भट्टी लाकडावरची. पहाटेचे पाव निघाले की ती जरा निवायची, मग त्या मंद धगीत नानखटाईचे पत्रे आत जायचे. पावाच्या आचेवर ती वरून करपते आणि आत कच्ची राहते. कारागीर तूप-साखर हाताने फेटून फेटून पांढरीशुभ्र करायचा. आई शेजारी स्टुलावर बसून पहारा द्यायची. आपलं तूप आपल्याच पिठात पडतंय ना!

१९८६ साली तिला ताप होता, म्हणून डबा आणायला मी आणि दादा गेलो. चाचांनी आमच्यासमोर १२० मोजल्या. डबा गरम होता हो... चाळीच्या जिन्यात बसलो, खालच्या मजल्यावरची पोरंही जमली. घरी आईने मोजल्या तर ९७.

तशीच तापात ती बेकरीत गेली. तूपसुद्धा मारलं असेल, असं चारचौघांत बोलली. "बहनजी, गिनके दिया है," एवढंच म्हणून चाचांनी मजुरी परत केली. आम्ही दोघं तिच्या मागे उभे होतो.

पुढच्या वर्षीपासून आमचा डबा दुसऱ्या बेकरीत.

२०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने बेकऱ्यांना लाकूड-कोळसा सोडायला सहा महिन्यांची मुदत दिली, तेव्हा हे सगळं वर आलं होतं. (धुराचं म्हणाल तर बरोबरच आहे, आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांना विचारा.) चाचांची बेकरी मात्र त्याच्या कितीतरी आधीच गेली. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. चाचा कुठे गेले, कुणालाच सांगता आलं नाही.

दादा, तू तिकडे न्यू जर्सीत बसून हे वाचशीलच. रविवारी आईशी बोलशील तेव्हा सांगू या का? बोलेन मीच. तू फक्त मध्येच फोन ठेवू नकोस.