झिजलेल्या पायरीवरची सही

फायरबॉक्समधला स्टे, म्हणजे पत्रे धरून ठेवणारा बोल्ट, तुटलाय का, हे आधी कानाला कळतं. हातोडीचा हलका ठोका मारायचा. शाबूत स्टे खणखणीत वाजतो, तुटलेला बसक्या आवाजात उत्तर देतो. हे मी कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये शिकलो. निवृत्तीनंतर मुलीकडे इंग्लंडला जाणं सुरू झालं आणि तिथून वेल्समधल्या छोट्या रेल्वेंच्या शेडमध्ये स्वयंसेवक म्हणून रुजू झालो. बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चिपाडांच्या, जागी कोळसा आला, एवढाच फरक. आधी पाणी, मग आग, हा नियम दोन्हीकडे एकच. सकाळी आल्याबरोबर नजर गेज ग्लासवर.

त्या शेडमधली इंजिनं पाटीच्या दगडाच्या खाणींत राबलेली. उत्तर वेल्समधल्या डिनॉर्विक आणि पेन्रिन या दोन अजस्र खाणी. रूळ साधारण दोन फुटी, म्हणजे जवळजवळ नेरळ-माथेरानएवढेच. डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला आणि प्रत्येक पायरीवर रूळ. लीड्सच्या हन्स्लेट कारखान्यानं अशा खाणींसाठी चार चाकांची इंजिनं बांधली. पाण्याची टाकी खोगिरासारखी बॉयलरच्या पाठीवर. डिनॉर्विकच्या ठेंगण्या इंजिनांचा सिलिंडर साडेआठ इंच व्यासाचा. वरच्या पायऱ्यांवर राबणाऱ्या कित्येकांना छप्परही नव्हतं. ड्रायव्हर पावसात भिजत, वाऱ्यात गारठत उभा. घरांच्या छपरांना लागणारी एक टन पाटी काढायची तर त्याच्या कितीतरी पट राडारोडा निघायचा. तो वाघिणींतून कड्याच्या टोकापर्यंत न्यायचा, ओतायचा, परत यायचं. दिवसभर हेच.

या इंजिनांची नावं वाचताना मी नेहमी थबकतो. पेन्रिनची चार्ल्स, ब्लांच, लिंडा ही मालकाच्या घराण्यातली नावं. डिनॉर्विकच्या मालकाला शर्यतीच्या घोड्यांचा शौक. क्लॉइस्टर, जेरी एम आणि कव्हरकोट या त्याच्या घोड्यांनी 1893, 1912 आणि 1913 साली ग्रँड नॅशनल शर्यत जिंकली, आणि ती तिन्ही नावं इंजिनांच्या पितळी पाट्यांवर आली. ज्यांनी ही इंजिनं चालवली त्यांचं नाव कुठल्याच पाटीवर नाही. पेन्रिनचे कामगार 1900 ते 1903 अशी तीन वर्षं संपात झगडले, उपाशी राहिले. अनेकांना गाव सोडावं लागलं. दगडाच्या धुळीनं कितीजणांची फुप्फुसं गेली. इंजिनावर त्यांची सही शोधायची तर ती झिजेतच सापडते.

म्हणून जतन म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न मला सतावतो. पेन्रिनचीच इंजिनं पाहा. 1882 सालचं चार्ल्स पेन्रिन कॅसलच्या संग्रहालयात थंड उभं आहे. 1893 सालची लिंडा आणि ब्लांच खाणीची मुख्य लाइन बंद पडल्यावर फेस्टिनियॉग रेल्वेकडे गेली. लांब पल्ल्याला चालावीत म्हणून त्यांना मागे टेंडर जोडला, पुढे छोटी चाकं दिली, सुपरहीटर बसवला. ती धावली, त्यांनी लाखो माणसं वाहिली. पण खाणीतलं त्यांचं रूप गेलं. विनिफ्रेडची गोष्ट तिसरीच. 1885 सालचं हे इंजिन 1965 मध्ये अमेरिकेत गेलं, जवळजवळ अर्धशतक न वापरता पडून राहिलं आणि 2012 मध्ये वेल्सला परतलं. दुर्लक्षानं त्याच्यावर उपकारच केले. खाणीतला शेवटचा दिवस त्याच्या अंगावर तसाच होता.

चालत्या इंजिनाला झिजेपासून सुटका नाही. तांब्याचा फायरबॉक्स पोलादी कवचापेक्षा जास्त प्रसरण पावतो, म्हणून आग हळूहळू, काही तास घेऊन वाढवावी लागते. घाई केली की ताण स्टेवर येतो. साधारण दहा वर्षांनी बॉयलर उतरवायचा, ट्यूब काढायच्या, पाण्याच्या दाबाची चाचणी घ्यायची. दर फेरीत थोडं जुनं लोखंड जातं, थोडं नवं येतं. हे मला मान्य आहे. आग कशी पसरायची, इंजेक्टर कधी धरायचा, हे पुस्तकातून हातात उतरत नाही. त्यासाठी तापलेलं इंजिनच हवं.

पण एक चूक माझ्या हातून झाली. दुरुस्तीला आलेल्या एका इंजिनाच्या फूटप्लेटची उजवी पायरी मधोमध खोलगट झाली होती. मी ती वेल्डिंगनं भरली, ग्राइंडर मारला, रंग दिला. नव्यासारखी दिसली. चार दिवसांनी डावी पायरी घ्यायला बसलो. ती जेमतेम झिजली होती. तेव्हा लक्षात आलं. खिळेवाले बूट घातलेला माणूस वर्षानुवर्षं उजवीकडूनच उतरत होता. वाघिणी जोडायला, सांधा बदलायला. कदाचित डावीकडे कडा होता. त्या पायरीनं हे सगळं लिहून ठेवलं होतं, आणि मी ते तासाभरात पुसलं.

तेव्हापासून मी आधी मोजतो, फोटो काढतो, कागदावर आकृती उतरवतो. सुरक्षेसाठी भाग बदलावाच लागला तर नवा बनवून बसवतो आणि जुना जपून ठेवतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की काही इंजिनं जरूर पेटवावीत, हातांची विद्या जिवंत राहावी. पण काही थंडच ठेवावीत, त्यांच्या जखमांसकट.

गेल्या उन्हाळ्यात दुसऱ्या एका इंजिनाची अशीच पायरी काढली. हाताखाली शिकणाऱ्या मुलानं विचारलं, हे भंगार कशाला ठेवायचं? मी त्याला त्यावर पाय ठेवायला सांगितलं. बूट खोलगटात बरोबर बसला. तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग खाली उतरून त्यानं चिठ्ठी लिहिली आणि तारेनं पायरीला बांधली: उजवी पायरी. झीज तशीच ठेवावी.